एका घोट्याची किंमत: स्टेफन करीचा 2012 चा करार

31 ऑक्टोबर 2012. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा मोसम नुकताच सुरू झाला होता आणि 2009 च्या ड्राफ्टमधल्या (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो ड्राफ्ट) खेळाडूंना करार वाढवून घेण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा संघ पहिल्या सामन्यासाठी फीनिक्सला गेला होता. त्या दिवशी संघाने आपला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन खेळ रचणारा खेळाडू, स्टेफन करी याच्याशी चार वर्षांचा, 4 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. रात्री करी खेळायला उतरला. 14 वेळा त्याने बास्केटवर नेम धरला, त्यातला 2 वेळा चेंडू आत गेला. एकूण गुण 5. वॉरियर्स 87-85 असे जिंकले खरे, पण करीने त्या दिवशी तरी पैसे वसूल करून दिले असं कुणी म्हटलं नसतं.

आज हा करार दोन प्रकारे सांगितला जातो. एक, वॉरियर्सने खेळाच्या इतिहासातला सगळ्यात स्वस्त सौदा मारला. दोन, करीने घाई केली आणि कवडीमोलाने स्वतःला विकलं. दोन्ही गोष्टी 2016 मध्ये उभं राहून 2012 कडे पाहिलं की खऱ्या वाटतात. मला मात्र त्या दिवशीच्या टेबलावर काय काय होतं तेवढंच आधी मांडून पाहायचं आहे. कारण त्या टेबलावर एक उजवा घोटा होता, आणि त्या घोट्याचं भविष्य सांगणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

त्याआधीचा करी

बाप एनबीएत 16 मोसम खेळलेला. डेल करी, मुख्यतः शार्लट हॉर्नेट्सकडून. आई सोन्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची व्हॉलीबॉलपटू. असं घर असूनही मोठ्या विद्यापीठांनी या पोराला दारातूनच परत पाठवलं, कारण तो बुटका आणि काटकुळा होता. आईवडिलांच्या व्हर्जिनिया टेकनेसुद्धा शिष्यवृत्ती देऊ केली नाही. शेवटी उत्तर कॅरोलिनातल्या डेव्हिडसन या छोट्या कॉलेजात, बॉब मॅकिलप यांच्या हाताखाली तो गेला.

शाळेत असतानाची एक उन्हाळी सुट्टी इथे सांगायला हवी. करी तेव्हा चेंडू कमरेजवळून वर उचलून फेकायचा. लहान मुलं फेकतात तसाच, अंगात जोर नसला की सगळं शरीर लावून. उंच बचावपटूसमोर असा फटका सहज अडवला जातो. बापाने तो मोडून टाकला. चेंडू कपाळाच्या वर न्यायचा आणि तिथूनच सोडायचा. त्या उन्हाळ्यात बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याबाहेरून त्याचा नेम लागेना, इतकी ताकद कमी पडत होती. रोज शेकडो फटके, आणि सगळे आखूड. आज जगभरची पोरं ज्याची नक्कल करतात तो फटका असा रडत-कुढत तयार झालेला आहे. एखादी गोष्ट मुळापासून उसवून पुन्हा शिवायची, मधल्या काळात हसं झालं तरी चालेल, ही सवय त्याला तिथे लागली असं मला वाटतं. पुढे घोट्याच्या वेळी ती उपयोगी पडली.

डेव्हिडसनकडून पहिल्याच सामन्यात त्याने 13 वेळा चेंडू गमावला. दुसऱ्या सामन्यात मिशिगनविरुद्ध 32 गुण काढले. मार्च 2008 मध्ये कॉलेज संघांच्या एनसीएए स्पर्धेत दहावं मानांकन असलेल्या डेव्हिडसनने गोंझागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिन यांना हरवलं. गोंझागाविरुद्ध करीचे 40 गुण. मग कॅन्ससकडून 59-57 असा निसटता पराभव. पुढच्या वर्षी तो देशात सर्वाधिक सरासरीने, सामन्याला 28.6 गुण, खेळला. तरीही 2009 च्या ड्राफ्टमध्ये सहा जण त्याच्या आधी गेले. त्यात मिनेसोटाने तर पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर लागोपाठ दोन पॉइंट गार्ड उचलले, आणि दोन्ही वेळा करीला सोडून. सातव्यावर वॉरियर्सचे जनरल मॅनेजर लॅरी रायली यांनी त्याचं नाव घेतलं. ती निवड फीनिक्सला देऊन टाकण्याची बोलणी तेव्हा बरीच पुढे गेली होती. फीनिक्सचे जनरल मॅनेजर होते स्टीव्ह केर. हेच केर पाच वर्षांनी करीचे प्रशिक्षक झाले.

ज्या घरात तो गेला

वॉरियर्स हे तेव्हा हसण्यावारी नेण्याचं नाव होतं. करीच्या पहिल्या मोसमात संघाने 26 सामने जिंकले आणि 56 हरले. संघाचा तारा होता मॉन्टा एलिस. नवा मुलगा आला तेव्हाच, मोसम सुरू होण्याआधी पत्रकारांसमोर, आम्ही दोघे एकत्र खेळू शकत नाही असं एलिसने सांगून टाकलं. दोघेही लहान चणीचे, दोघांनाही चेंडू हातात हवा. एलिसच्या बोलण्यात उद्धटपणा असेल, पण खेळाचं गणित म्हणून ते चुकीचं नव्हतं.

एलिसची एक जुनी भानगड या प्रकरणाशी जोडलेली आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. 2008 च्या जुलैमध्ये एलिसने वॉरियर्सशी सहा वर्षांचा, 6 कोटी 60 लाखांचा करार केला. महिनाभरात त्याच्या डाव्या घोट्याचा बंध फाटला. खेळताना लागलं, असं त्याने आधी सांगितलं. खरं म्हणजे तो मोपेडवरून पडला होता. संघाने त्याला 30 सामने बिनपगारी बसवलं. म्हणजे मोठा करार करायचा आणि लगेच घोट्याची बातमी ऐकायची, हा अनुभव या संघाच्या दप्तरात आधीच होता. मालक पुढे बदलले. 2010 मध्ये जो लेकब आणि पीटर गुबर यांनी 45 कोटी डॉलरला संघ विकत घेतला. पण दुधाने तोंड पोळलेल्या घरात नवा माणूस आला तरी ताक फुंकूनच वाढलं जातं.

करीचा पहिला मोसम उत्तम गेला. 80 सामने, सरासरी 17.5 गुण, 166 थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले, तीन गुणांचे फटके). नवोदितासाठी तो तेव्हाचा विक्रम. वर्षाचा सर्वोत्तम नवोदित म्हणून टायरिक एव्हन्सच्या मागे दुसरा. दुसऱ्या मोसमात सरासरी 18.6 वर गेली. आकड्यांत सगळं आलबेल दिसत होतं. पाय मात्र मुरगळत होता.

घोटा

पाय मुरगळणं म्हणजे काय हे सगळ्यांनाच माहीत असतं, आणि म्हणूनच ते कुणी गंभीरपणे घेत नाही. पाऊल आतल्या बाजूला दुमडतं आणि सगळा ताण घोट्याच्या बाहेरच्या बाजूला येतो. तिथे तीन बंध असतात, हाडाला हाड बांधून ठेवणारे. त्यातला पुढचा सगळ्यात दुबळा. तोच आधी ताणला जातो किंवा फाटतो. सूज उतरते, माणूस चालायला लागतो. पण ताणलेला बंध जुन्या लांबीवर परत येतोच असं नाही. शिवाय त्या बंधांमध्ये पाऊल कुठल्या कोनात आहे याची मेंदूला खबर देणारी जाणीव असते, तीही बोथट होते. मग पुढच्या वेळी पाऊल वाकडं पडतंय हे शरीराला क्षणभर उशिरा कळतं. तो क्षणभर पुरेसा असतो. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो तो या दुहेरी कारणाने.

करीच्या खेळाची जातच अशी की सगळा भार घोट्यावर. तो उंच उडी मारून कुणाच्या डोक्यावरून चेंडू कोंबत नाही. त्याचं हत्यार म्हणजे एकदम थांबणं, एकदम वळणं, बचावपटू एकीकडे झुकला की दुसरीकडे निसटणं. वेगात असलेलं शरीर एका पायावर थांबवायचं तर ती ऊर्जा कुठल्या तरी सांध्याने गिळावी लागते. त्याची मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू हे काम पुरतं करत नव्हते, त्यामुळे उरलेलं सगळं खाली, घोट्यात साठत होतं. हे निदान मात्र पुष्कळ उशिरा झालं.

2010-11 च्या मोसमात उजवा घोटा पुन्हा पुन्हा मुरगळला, आणि मे 2011 मध्ये शार्लटला त्याच्यावर शस्त्रक्रिया करून बंध दुरुस्त केले. इथे नशिबाने एक चेंडू उलटा पडला. 1 जुलै 2011 पासून मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एनबीएला टाळं लागलं. टाळेबंदीत संघाने खेळाडूशी संपर्क ठेवायचा नाही असा नियम. संघाचे डॉक्टर नाहीत, फिजिओ नाहीत, संघाचं जिमसुद्धा बंद. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे नेमके सगळ्यात नाजूक पाच महिने करी संघाच्या नजरेआड होता. डिसेंबरमध्ये टाळं उघडलं आणि नाताळच्या दिवशी धावतपळत मोसम सुरू झाला: 82 ऐवजी 66 सामने, कमी दिवसांत कोंबलेले. नुकत्याच शिवलेल्या घोट्यासाठी याहून वाईट वेळापत्रक शोधून सापडलं नसतं.

मोसमाआधीच्या सामन्यातच तो मुरगळला. मग 4 जानेवारी 2012 ला सॅन अँटोनिओत पुन्हा. या वेळी कुणी धक्का दिला नाही, कुणाच्या पायावर पाय पडला नाही. मोकळ्या जागेत चेंडू घेऊन जाताना पाऊल दुमडलं. खेळाडूला धास्ती बसते ती अशा वेळी. अपघात झाला तर अपघाताला दोष देता येतो. इथे दोष द्यायला त्याच्याजवळ स्वतःच्या पायाखेरीज काही नव्हतं.

त्या मोसमात 66 पैकी 26 सामने तो खेळला.

25 एप्रिल 2012 ला कॅलिफोर्नियात दुसरी शस्त्रक्रिया झाली. ती सुरू होताना नेमकं काय करायचं हेच ठरलेलं नव्हतं. दुर्बिणीतून आत पाहायचं. पहिल्या वेळी दुरुस्त केलेले बंध पुन्हा सैल झाले असतील तर मोठी पुनर्बांधणी आणि लांबलचक विश्रांती. शाबूत असतील तर साफसफाई करून बाहेर यायचं. भूल घेताना करीला यातलं काय होणार हे माहीत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर कळलं की बंध घट्ट आहेत. आत साचलेला गाळ, म्हणजे सुजलेल्या ऊतींचे आणि हाडाचे बारीक कण, तेवढा काढला.

बातमी चांगली होती. पण करारासाठी बसलेल्या माणसाच्या नजरेतून पाहा: एका वर्षात एकाच घोट्यावर दोन शस्त्रक्रिया. पहिल्या वेळीही सगळं नीट झालं असंच सांगितलं होतं. आणि करार होण्याआधी, त्याच ऑक्टोबरमध्ये, पोर्टलंडविरुद्धच्या सराव सामन्यात तोच घोटा पुन्हा लचकला.

दोन मोडक्या घोट्यांचा संघ

दरम्यान 13 मार्च 2012 ला वॉरियर्सने एलिसला मिलवॉकीला देऊन टाकलं आणि बदल्यात मुख्यतः सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बोगट घेतला. गंमत म्हणजे बोगटचाही घोटा जानेवारीतच मोडला होता. संघाने आपला धडधाकट, लोकांचा लाडका तारा दिला. हाताशी राहिले दोन फूट लांब पाऊल टाकायला घाबरणारा एक गार्ड आणि एक प्लास्टरमधला सेंटर. आठवडाभराने संघाचे जुने तारे ख्रिस मलिन यांची जर्सी निवृत्त करण्याचा समारंभ होता. मालक लेकब बोलायला उभे राहिले तर घरच्याच, ओकलंडच्या प्रेक्षकांनी त्यांना बोलूच दिलं नाही. भर मैदानात मिनिटांमागून मिनिटं हुर्यो.

करीला त्यानंतर मोसमभर बसवून ठेवलं. घोट्यासाठी तर होतंच, पण आणखी एक हिशोब होता. वॉरियर्सची त्या वर्षीची पहिल्या फेरीची ड्राफ्ट निवड युटाकडे जाणार होती. पहिल्या सातात आली तरच ती स्वतःकडे राहणार होती. जितकं जास्त हरावं तितकी निवड वर, म्हणजे हरणं फायद्याचं. संघ 23-43 वर संपला, टोरँटोशी बरोबरीत, आणि नाणेफेकीने सातवा क्रमांक वॉरियर्सकडे आला. त्या निवडीवर हॅरिसन बार्न्स आला. त्याच ड्राफ्टमध्ये पस्तिसाव्या क्रमांकावर ड्रेमंड ग्रीन मिळाला. या भागाबद्दल संघाचं कौतुक करावं असं मला वाटत नाही, पण जखमी खेळाडूला घाईने परत न आणण्याची बुद्धी त्यांना झाली ती काही अंशी हरण्याच्या सोयीमुळे, हे नोंदवायला हवं.

टेबलावरचे पत्ते

आता करार. एनबीएत पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार पहिली चार वर्षं ठरीव पट्टीने मिळतो. करीला त्या चार वर्षांत मिळून सव्वा कोटी डॉलरच्या आसपास मिळणार होते. तेव्हाच्या नियमाने तिसरा मोसम संपल्यावर 31 ऑक्टोबरपर्यंत करार वाढवता येत असे. नाही वाढवला तर चौथ्या वर्षानंतर खेळाडू बाजारात जातो, पण पुरता मोकळा नसतो; दुसऱ्या संघाने जी रक्कम देऊ केली तीच देऊन जुना संघ त्याला ठेवून घेऊ शकतो.

आणखी एक गोष्ट, जी सगळ्यात महत्त्वाची. एनबीएतले असे करार सहसा पूर्ण हमीचे असतात. सही झाल्यावर खेळाडूचा पाय कायमचा गेला तरी पैसे द्यावेच लागतात. म्हणजे सही होताक्षणी घोट्याची जोखीम करीच्या खांद्यावरून उतरून लेकब यांच्या तिजोरीवर बसणार होती.

संघाला भीती कशाची वाटत असेल? उदाहरणं ताजी होती. पोर्टलंडच्या ब्रँडन रॉयने 2009 मध्ये लीगच्या नियमांत बसणाऱ्या कमाल रकमेचा पाच वर्षांचा करार केला आणि 2011 च्या डिसेंबरमध्ये गुडघ्यांनी त्याला निवृत्ती घ्यायला लावली. त्याहून जवळचं उदाहरण ग्रँट हिलचं. 2000 साली ऑर्लँडोने त्याला सात वर्षांसाठी 9 कोटींवर रक्कम दिली. मग घोटा. पहिल्या तीन मोसमांत तो 4, 14 आणि 29 सामने खेळला, चौथ्यात एकही नाही. हाच हिल पुढे फीनिक्सकडून एका मोसमात सगळे 82 सामने खेळला आणि चाळिशीपर्यंत एनबीएत राहिला. म्हणजे घोटा बरा होत नाही असं नाही. तो तुमच्या कराराच्या मुदतीत बरा होतो का, एवढाच प्रश्न.

उलट, थांबण्यातही संघाचा धोका होता. करी 2012-13 मध्ये धड राहून चांगला खेळला तर कुणीतरी त्याला कमाल रक्कम देऊ करणार आणि वॉरियर्सला ती मुकाट भरावी लागणार. तेवढी वर्षं खेळलेल्या खेळाडूची कमाल तेव्हा पहिल्या वर्षाला सुमारे 1 कोटी 37 लाख होती. चार वर्षांचे 6 कोटींच्या आसपास झाले असते. आता सही केली तर पहिल्या वर्षाला 98 लाख 87 हजार, पुढे दरवर्षी ठरलेली वाढ, शेवटच्या वर्षी 1 कोटी 21 लाख. फरक साधारण दीड कोटीचा. संघाच्या लेखी हा घोट्याच्या जोखमीचा विमा हप्ता, फक्त तो करीच्या पगारातून कापलेला.

त्याच ड्राफ्टमधल्या इतरांचे आकडे शेजारी ठेवले की हा हप्ता नजरेत भरतो. ब्लेक ग्रिफिन आणि जेम्स हार्डन यांना पाच-पाच वर्षांचे कमाल करार. डेन्व्हरचा पॉइंट गार्ड टाय लॉसन, ड्राफ्टमध्ये अठरावा, त्याला चार वर्षांचे 4 कोटी 80 लाख. फिलाडेल्फियाच्या ड्रू हॉलिडेला 4 कोटी 10 लाख. बाजाराच्या मते घोट्यासकट करी हा लॉसनपेक्षा थोडा खाली आणि हॉलिडेच्या थोडा वर. मला हे मूल्यमापन त्या दिवसापुरतं रास्त वाटतं. 26 सामने खेळलेल्या माणसाला याहून जास्त द्या असं तेव्हा कुठल्या डोक्यातून आलं असतं?

करीच्या बाजूने बघा. वय 24. घरी तीन महिन्यांची मुलगी. दीड वर्षात दोनदा पायावर टाके. थांबला आणि पाय टिकला तर दीड कोटी जास्त. थांबला आणि पुन्हा मुरगळला तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच्यासमोर कुणी 4 कोटी ठेवलेच नसते. एखाद-दोन वर्षांचा, आजमावून पाहण्याचा करार मिळाला असता. जे मिळण्याची शक्यता ते 4 कोटी 40 वरचे दीड कोटी. जे जाण्याची शक्यता ते जवळजवळ सगळंच. यात सही करणाऱ्याला भित्रा म्हणायचं असेल तर म्हणा. मी त्याला हिशोबी म्हणेन.

जनरल मॅनेजर बॉब मायर्स यांचीही स्थिती मजेची होती. 2011 पर्यंत ते स्वतः खेळाडूंचे एजंट होते. टेबलाच्या या बाजूला येऊन त्यांना दीड वर्षच झालं होतं. समोरचा एजंट काय विचार करतोय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

पाय कसा धरला

2012-13 मध्ये करी 82 पैकी 78 सामने खेळला. सरासरी 22.9. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पूर्ण 48 मिनिटं मैदानात राहून 54 गुण, 13 पैकी 11 थ्री-पॉइंटर. तो सामना वॉरियर्स हरले हे आता कुणाला आठवत नाही. मोसमअखेर 272 थ्री-पॉइंटर, रे अॅलनचा 269 चा विक्रम मोडला. नव्या कराराचा पहिला डॉलरसुद्धा तोवर खात्यात पडायचा होता. करार 2013-14 पासून लागू होत होता. म्हणजे सहीनंतर सात महिन्यांत, सुरू होण्याआधीच, करार स्वस्त ठरला होता.

मग पाय सुधारला कशाने? नशिबाचा वाटा असेलच. पण एक काम जाणूनबुजून झालं. 2013 ते 2015 संघाचे शारीरिक तयारीचे प्रमुख असलेले कीकी लाइल्स यांनी घोट्याकडे पाहणं कमी केलं आणि वर, कुल्ल्याकडे पाहिलं. करीला शिकवलं ते दिसायला अगदी साधं: पाठ सरळ ठेवून कुल्ल्याच्या सांध्यातून वाकायचं आणि उठायचं. बहुतेक माणसं वाकतात ती कंबरेतून किंवा गुडघ्यातून. कुल्ल्यातून वाकलं की शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू कामाला लागतात आणि थांबण्या-वळण्याची ऊर्जा तिथेच गिळली जाते, घोट्यापर्यंत पोचत नाही. आधी हलक्या वजनाने चाल बसवायची, मग षट्कोनी दांडीत वजन वाढवत न्यायचं. 84 किलोंच्या आसपासचा हा माणूस पुढे स्वतःच्या दुपटीहून जास्त वजन जमिनीवरून उचलू लागला. बाहेरून घोट्याला पट्टा होताच, तो आजवर सुटलेला नाही. शाळेतल्या त्या उन्हाळ्यात फटका उसवला होता, इथे चाल उसवली.

इथे माझा एक अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घ्यावा. करार नसता तर 2013 च्या उन्हाळ्यात करी स्वतःला बाजारात दाखवत फिरला असता आणि दर मुरगळीला त्याची किंमत खाली गेली असती. लपवून खेळण्याचा मोह झाला असता. चार वर्षांची खात्री होती म्हणून दोन्ही बाजूंना सावकाश, कंटाळवाणं काम करता आलं. संघालाही आता तो पाय आपलाच वाटत होता.

जे कुणीच मोजलं नव्हतं

कराराच्या चार वर्षांत 328 पैकी 316 सामने. 2015 मध्ये सर्वोत्तम खेळाडू आणि विजेतेपद, 2016 मध्ये एकमताने सर्वोत्तम खेळाडू, 402 थ्री-पॉइंटर आणि संघाचे 73 विजय. 2016 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, पहिल्याच सामन्यात तोच उजवा घोटा पुन्हा दुखावला. तो गेला कधीच नव्हता.

पण कराराला दंतकथा बनवलं ते करीच्या खेळाएवढंच टीव्हीच्या पैशाने. नव्या प्रक्षेपण करारामुळे 2016 च्या उन्हाळ्यात संघांची पगारमर्यादा 7 कोटींवरून एकदम 9 कोटी 41 लाखांवर गेली. सगळ्यांचे पगार फुगले, करीचा आकडा 2012 मध्ये गोठलेला. वॉरियर्सने बोगटला सोडलं, बार्न्सला जाऊ दिलं आणि झालेल्या जागेत केव्हिन ड्युरांट आणून बसवला. 2016-17 मध्ये जगातला सगळ्यात धोकादायक गार्ड स्वतःच्या संघात पगारात चौथा होता: ड्युरांट, क्ले थॉम्पसन, ग्रीन आणि मग तो. 2012 च्या त्या दिवशी मायर्स यांनी हे ओळखलं होतं असं म्हणणं म्हणजे पाऊस पडल्यावर ज्योतिषाला श्रेय देणं.

करीला याबद्दल सारखं विचारलं जायचं. दुसऱ्याचे पैसे मोजू नयेत असं वडिलांनी शिकवलंय, या अर्थाचं तो सांगायचा. आणि चार वर्षांत 4 कोटी 40 लाख मिळूनही मी कुरकुर करत असेन तर माझ्या आयुष्यात दुसराच काही बिघाड आहे. यावर विश्वास ठेवायला मला अडचण वाटत नाही. तो पैसा त्याने कोणत्या भीतीच्या बदल्यात घेतला होता हे त्याला पक्कं आठवत असणार.

12 जून 2017 ला ओकलंडमध्ये वॉरियर्सने क्लीव्हलंडला 129-120 असं हरवून विजेतेपद घेतलं. करीचे 34 गुण आणि 10 असिस्ट, म्हणजे साथीदाराला गुण मिळवून देणारे पास. त्या करारावरचा तो शेवटचा सामना. जुलै उजाडताच पाच वर्षांचा, 20 कोटी 10 लाख डॉलरचा नवा करार ठरला. लीगमध्ये 20 कोटींची रेघ ओलांडणारा पहिलाच. त्या वेळी तो 29 वर्षांचा होता, आणि उजव्या घोट्याला पट्टा होता.